सव्वा लाख गाठी
(भीमा आणि घोड नद्यांच्या काठची जाळी व त्यांचा धागा)

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही कंत्राटी कामगार, किमान वेतन किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती रास्तच होती. पंचवीस-तीस वर्षे आम्ही रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांच्या दारांत दुसरे काही बोललेलो नाही. आम्ही "जाळ्यावर बोलतो" असे कळवले, तेव्हा एका चालकांनी विचारले, "भांडवलदारांच्या का?" आम्ही म्हटले, "नाही, मासे धरायच्या."

हा विषय आम्हाला पुस्तकातून सुचला नाही, एका पंचनाम्यातून सुचला. 2019 च्या ऑगस्टात भीमेला मोठा पूर आला. दौंडच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्या एका भोई कुटुंबातील मुलगा कारखान्यात कंत्राटी कामाला होता आणि आमच्या युनियनचा सभासद होता. पुरात त्यांची भांडी, धान्य आणि वडिलांचे पाग, म्हणजे फेकून टाकायचे गोल जाळे, वाहून गेले. पंचनामा झाला. त्याची नक्कल मुलाने आम्हाला वाचायला दिली. पत्रे किती, भांडी किती, सर्वांपुढे आकडे होते. जाळ्यापुढे एवढेच लिहिले होते : "जाळे, जुने, 1." किमतीच्या रकान्यात आडवी रेघ. म्हातारे आम्हाला म्हणाले, "अण्णा, पत्र्याचं मोल लिहिलं, ते मी इकत आणलं व्हतं. जाळं मी इनलं व्हतं, म्हून त्याला मोल न्हाई." 

उभा जन्म मजुरीचे दर मोजण्यात घालवलेल्या माणसाला हे वाक्य झोंबणारच. त्या जाळ्यात नेमके किती काम होते, हे आम्ही शोधू लागलो. पुढची हकीगत त्या शोधाची आहे.

पहिल्याने नदी पाहू. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात, ते गाव त्या नदीच्या नावाने ओळखले जाते. कुकडी घोडेला मिळते, घोड पुढे भीमेला मिळते. पुण्याकडून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसच्या परिसरात भीमेत उतरते आणि मग भीमा दौंडवरून खाली जाते. या सगळ्या दख्खनच्या नद्या. पावसाळ्यात तांबड्या पाण्याने दुथडी, हिवाळ्यात निवळ, आणि धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात नुसती डोहाडोहांची माळ. वाम खडकाच्या कपारीत, मरळ गाळात आणि गवतात, शिंगाडा खोल डोहात, झिंगे काठच्या मुळ्यांत. असल्या पाण्यात समुद्रावरच्या कोळ्यांची अवाढव्य डोल किंवा रापण चालणार नाही. येथे एका माणसाने खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फेकायचे जाळे लागते, उथळ धारेत लावायचे बांबूच्या कामट्यांचे सापळे लागतात, आणि डोहाच्या तोंडाशी रात्री बांधून ठेवायचे आडवे जाळे लागते. जाळ्याचा आकार नदी ठरवते. कारागिराने तो मानायचा असतो.

आणि हे किती जुने? शिरूर तालुक्यात घोडेच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही नावे आमच्या तालुक्यातल्या शाळेच्या भिंतींवर असावयास हवी होती, असो. सुमारे इ. स. पूर्व 1600 पासून 700 पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या कचऱ्यात जनावरांच्या हाडांबरोबर माशांचीही हाडे सापडली, म्हणजे घोडेचे मासे तीन हजार वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यात शिजत होते. जाळे मात्र सापडणे कठीण. आपल्या काळ्या मातीत आणि ओल्या-सुक्या हवेत सूत टिकत नाही. परंतु त्याच घोडेच्या वरच्या अंगाला चांडोली म्हणून गाव आहे. तेथील त्याच संस्कृतीच्या वस्तीत तांब्याचे मणी मिळाले, आणि ते ज्या धाग्यात ओवले होते त्याचा अंश तांब्याच्या गंजामुळे वाचला. तो धागा जवसाच्या तंतूंचा निघाला. झाडाच्या खोडातून तंतू काढायचा, त्याला पीळ द्यायचा, धागा करायचा, ही विद्या या खोऱ्यात तेव्हापासून आहे एवढे त्या मण्यांनी सांगितले. धागा आला की जाळे एका गाठीवर राहते.

जगात याहून जुना पुरावा आहे. फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवरच्या अँट्रिया गावी 1913 साली एका शेतकऱ्याला दलदलीत जाळ्याचे तुकडे सापडले. ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे. धागा विलो झाडाच्या सालीचा, बुडायला दगड, तरंगायला पाइनच्या सालीचे तुकडे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आदिवासी खाजकुइलीसारख्या अंगाला आग लावणाऱ्या एका झुडपाच्या खोडापासून जाळ्याचा दोरा करत. न्यूझीलंडचे मावरी लोक एका लांब पातीच्या झाडाची पाने चिरून जाळी बांधत. ज्याला जे रान मिळाले त्याने त्यातून धागा काढला.

आपल्याकडच्या रानाने दिला ताग. ताग म्हटले की पुष्कळांना बंगालची गोणपाटे आठवतात. तो ज्यूट वेगळा. आमच्या शेतकऱ्याचा ताग म्हणजे पिवळ्या फुलांचे, आता हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडले जाणारे पीक. दुसरी अंबाडी, तिची भाजी आपण खातो आणि खोडाचा वाक काढतो. ताग पावसाबरोबर पेरायचा, अडीच-तीन महिन्यांनी फुलावर आला की कापायचा, पेंढ्या बांधून साचल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पाण्यातले सूक्ष्म जंतू सालीतला चिकट पदार्थ खाऊन टाकतात आणि तंतू सुटा होतो. आठवडाभरात पेंढी काढून पाहायची. लवकर काढली तर साल काडीला धरून राहते, दोन दिवस उशीर झाला तर जंतू तंतूलाच लागतात आणि धागा कुजका होतो. कधी काढायची हे हाताला कळते, घड्याळाला नाही. आणि ही एक गंमत ध्यानात घ्या : ज्या डबक्यात ताग भिजवायचा त्यातला प्राणवायू ते जंतू खाऊन टाकतात, म्हणून तेथले मासे मरतात. म्हणून ताग वाहत्या डोहात टाकू नये, बाजूच्या डबक्यात टाकावा. जाळ्याने मासा मारायच्या आधी जाळ्याच्या धाग्यानेच मारला तर भोयाने खायचे काय?

मग सोलणे, धुणे, आपटणे, वाळवणे, विंचरणे, आणि चातीवर किंवा उघड्या मांडीवर पीळ देणे. दोन धागे एका दिशेला पिळून मग उलट दिशेला एकमेकांत वळले की पीळ सुटत नाही. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. ताग आणि कापूस यांचा आणखी एक गुण असा की, ते ओले झाले की अधिक मजबूत होतात. पाण्यात वापरायच्या वस्तूला याहून चांगला गुण कोणता? काठाचे जाड दोर मात्र भोई स्वतः वळत नसत. ते केकताडाच्या वाकाचे असत आणि वळण्याचे काम मातंग कुटुंबांकडे असे. म्हणजे एका जाळ्यात शेतकरी, मातंग आणि भोई असे तीन घरांचे श्रम गुंतलेले असत. जातीने वाटलेल्या कामाचे आम्ही गोडवे गात नाही. त्या वाटणीत दोर वळणाऱ्याला गावाबाहेर ठेवून त्याचा दोर मात्र गावात घेतला जाई. पण श्रमाचा हिशेब करायचा तर सगळ्यांचा करायला हवा.

तागाचा शत्रू ओल. वनस्पतीचा तंतू जंतूंचे अन्नच आहे. ज्या जंतूंनी तो सोडवला त्यांचेच भाऊबंद तो खाऊन टाकतात. यावर उपाय सालीचा. आमच्या भागात बाभूळ उदंड. तिची साल कुटून पाण्यात उकळली की तुरट, तांबूस काढा होतो. कातडे ज्या गुणाने कमावले जाते तोच गुण येथे उपयोगी पडतो. तंतूवर तुरट रसाचा लेप बसतो आणि जंतूंची डाळ शिजत नाही. कोकणात ऐनाची साल वापरत, बंगालात गाब नावाच्या फळाचा रस. जाळे काढ्यात बुडवून सावलीत वाळवायचे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बुडवायचे. त्यामुळे जुनी जाळी तपकिरी असत. तो रंग शोभेचा नव्हता, पण गढूळ पाण्यात माशाला कमी दिसे हा वरचा नफा.

बुडायला एके काळी दगड आणि भाजक्या मातीचे मणी, नंतर शिशाच्या गोळ्या. तरंगायला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे किंवा भेंडाचे तुकडे, आणि माणसाला स्वतःला तरंगायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड. येथे एक तक्रार नोंदवतो. पाग फेकताना घेराचा एक काठ दातांत धरावा लागतो. दोन हात दोन बाजूंना गुंतलेले असतात, तिसरा हात म्हणजे तोंड. त्या काठालाच शिशाच्या गोळ्या असतात. शिसे हे विष आहे, ते शरीरात साठत जाते, हे कारखान्यातल्या कामगाराला निदान फलकावर लिहून तरी सांगतात. नदीवरच्या माणसाला ते कोणी सांगितले? आम्ही त्या म्हाताऱ्यांना सांगितले तर ते हसले. "चाळीस वर्सं चावतोय," म्हणाले. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे, पण त्या दिवशी आमच्याकडे पुढे बोलायला काही नव्हते.

आता गाठ. आमचे वय सोळा असताना आम्ही सोलापुरात यंत्रमागावर लागलो. शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. मागावर पहिली गोष्ट शिकवतात ती तुटलेला धागा सांधायची गाठ. एका धाग्याचा फास धरायचा, दुसरा त्यातून वर काढून, मागून वळवून स्वतःच्याच खाली दाबायचा. ओढ बसेल तशी ती आवळते. म्हाताऱ्यांच्या अंगणात बसून आम्ही त्यांची बोटे पाहत होतो, आणि एकाएकी आमच्या ध्यानात आले की ही तीच गाठ! विणकराची गाठ आणि भोयाची गाठ एकच आहे. भोयाच्या जाळ्यापासून सोलापूरच्या मागापर्यंत माणसाच्या बोटांना फार नव्या युक्त्या सुचलेल्या नाहीत, कारण या गाठीत सुधारायला जागाच थोडी आहे.

विणायला लागते बांबूची चपटी सुई, जिच्यात सूत गुंडाळून ठेवता येते, आणि एक गुळगुळीत पट्टी. पट्टीभोवती धागा घ्यायचा, वरच्या ओळीच्या चौकोनात गाठ मारायची, की नवा चौकोन तयार. त्या चौकोनाला आस म्हणतात. पट्टीची रुंदी तेवढा आस, म्हणून सगळे आस सारखे. पाग गोल असल्यामुळे माथ्याशी थोडे आस घेऊन आरंभ करतात आणि ठरावीक ओळींनंतर जादा आस वाढवत जातात. वाढवण चुकली तर फेकल्यावर जाळे ताटासारखे उघडत नाही, पुडीसारखे पडते. किती ओळींनंतर किती वाढवायचे हा हिशेब कागदावर कोठेही नाही.

आम्ही तो कागदावर मांडला. म्हाताऱ्यांचे पाग पसरले की माथ्यापासून काठापर्यंत सुमारे 3 मीटर. म्हणजे क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर. आसाची एक बाजू दीड सेंटिमीटर, म्हणजे एका आसाला सव्वादोन चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर आस येतात सव्वा लाख, आणि प्रत्येक आसामागे गाठ एक. सव्वा लाख गाठी! सराईत हाताने मिनिटाला पंधरा गाठी धरल्या, मध्ये तंबाखू मळायलाही थांबायचे नाही असे धरले, तरी 140 तास होतात. आठ तासांचा दिवस म्हटला तर साडेसतरा दिवस. सूत लागते सुमारे पाच किलोमीटर. पूर्वी तेही घरीच पिळत, आणि ते बहुधा बायकांच्या मांडीवर पिळले जाई. त्याचे तास यात धरलेलेच नाहीत. काठाला गोळ्या ओवणे, खिसे बांधणे, दोर लावणे हेही धरलेले नाही. पंचनाम्यातली आडवी रेघ एवढ्या कामाची होती.

मग नायलॉन आले. 1935 साली अमेरिकेत डू पाँट कंपनीत कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मच्छीमारांपर्यंत पोचले. जंतूंना ते खाता येत नाही, त्यामुळे साल उकळणे संपले, रोजचे वाळवणे संपले. कापसाचे जाळे भिजले की ओझे होई; नायलॉन पाणी फारसे पीत नाही. धागा बारीक, तरी ताकद अधिक. आम्ही जुन्याचे भक्त नाही. उकळत्या काढ्याच्या हंड्याशी ज्या बाईचे डोळे गेले तिला विचारा नायलॉन बरे की ताग. यंत्रावर विणलेले जाळे आता किलोवर विकत मिळते, आणि जाळी व दोर करणारे मोठे कारखाने आपल्याच पुणे जिल्ह्यात उभे राहिले. नायलॉनचा धागा निसरडा असल्याने ती जुनी गाठ त्यावर घसरते. म्हणून गाठ दुहेरी मारतात आणि यंत्रजाळ्यांना उष्णता देऊन ती बसवतात. गाठ टिकली, ती बांधणाऱ्याची मजुरी मात्र अंगणातून कारखान्यात गेली. तेथे ती मजुरी किती मिळते याबद्दल आमची भाषणे वेगळी आहेत.

धाग्याबरोबरच पाणीही बदलले, आणि हे दोन बदल एकाच वेळी आल्यामुळे लोकांची गल्लत होते. 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले. ते माढा तालुक्यात, पण त्याचा फुगवटा इंदापूर ओलांडून दौंडच्या हद्दीपर्यंत येतो. डोहांची नदी जाऊन संथ, खोल, मैलोगणती पाणी आले. ज्या पाण्यात कमरेइतके उभे राहायचे तेथे आता थर्माकोलच्या तराफ्यावरून जावे लागते. तेथे पागाचे काम थोडे. लांबच लांब उभी जाळी हवीत, ज्यांच्या आसात माशाचे डोके शिरते आणि कल्ले अडकतात. ही जाळी आता एकपदरी, काचेसारख्या पारदर्शक धाग्याची असतात, त्याला तंगूस म्हणतात. पाण्यात तंगूस माशाला दिसत नाही. मासेही बदलले. रोहू, कटला, मृगळ यांची बीजे सोडली. 1952 साली आपल्या देशात आलेला तिलापिया उजनीत चिलापी या नावाने एवढा माजला की भिगवणच्या बाजारात तोच सर्वत्र दिसतो. अलीकडे काटेरी अंगाचा सकर मासा आला आहे. तो कोणी खात नाही, आणि जाळ्यात शिरला की जाळे फाडून ठेवतो. मुळा-मुठेने आणलेले पुणे शहराचे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी यांचे वर्णन येथे करत नाही; दौंडकरांना नाक आहे.

नायलॉन कुजत नाही हा त्याचा गुण, आणि तोच दोष. तागाचे जाळे डोहात हरवले तर थोड्याच दिवसांत मातीला मिळे. तंगूस हरवले तर ते तेथेच उभे राहून मालक नसताना मासे धरत राहते. त्यात कासव अडकते, भिगवणजवळ उतरणारे पाणपक्षी अडकतात. उन्हाने त्याचे तुकडे होतात, पण माती होत नाही.

आणि आस. घरी विणणारा पट्टी बोटांनी मोजे, दोन बोटे, तीन बोटे. लहान आसाचे जाळे विणायचे तर गाठी वाढतात : आस निम्मा केला तर गाठी चौपट, सव्वा लाखाच्या पाच लाख. कोण विणणार? म्हणजे पिलू वाचे ते माणसाच्या दयेने वाचे असे आम्ही म्हणणार नाही. विणणाऱ्याच्या बोटांच्या दुखण्याने वाचे. यंत्राची बोटे दुखत नाहीत. बारीक आसाचे जाळे आता किलोवरच मिळते, आणि उजनीवर ज्याला वडाप म्हणतात ती पिलांसकट सारे ओढून काढणारी मासेमारी शक्य झाली. मोठ्या आसाने धरणारे भोई आणि वडापवाले यांची भांडणे होतात. भोयांची कायमची तक्रार आहे की, लहान जाळी आणणारा पैसेवाला निराळाच असतो आणि ओढणारा मजूर मात्र पकडला जातो. कारखान्याच्या दारात आम्ही हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत ऐकतो.

म्हाताऱ्यांचे पाग नायलॉनच्या सुताचेच होते, पण हाताने विणलेले. यंत्राचे पाग त्यांना फेकायला पटत नाही. "वाढवन चुकती त्याची," म्हणतात. आम्ही वरचा हिशेब एका अर्जात मांडला, त्या काळच्या किमान वेतनाच्या दराने 140 तासांची मजुरी, सुताची व शिशाची किंमत वेगळी, आणि मुलाला घेऊन कचेरीत गेलो. तेथल्या कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, "या गाठी कुणी मोजल्या?" म्हाताऱ्यांनी पिशवीतून नव्या पागाचा विणत आणलेला माथा काढला आणि टेबलावर ठेवला. कारकुनांनी आपली फूटपट्टी घेतली, वीतभर चौकोन धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजायला लागले. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्यांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. मग पंचनाम्याच्या नकलेवर, आडव्या रेघेच्या शेजारी, त्यांनी "हाती विणलेले" असे दोन शब्द लिहून खाली सही केली. रक्कम मिळाली ती ठरलेल्या दराने, सगळ्या जाळ्यांना सारखी. म्हाताऱ्यांनी तिचे सूत आणले.